भट्टीत घातलेल्या किल्लीबाबत

माझे नाव वितोरे प्रेंग दोदा. वय ५६ वर्षे, धंदा बेकरी, राहणार गुरथ, नदीकाठची आळी, चर्चच्या मागचे दुमजली घर. सोबत आई द्राने राहते, वय ८४, तिला दिसत नाही. मला पोलीस ठाण्यात कोणी धरून आणलेले नाही. काल निरोप मिळाला म्हणून आज आपल्या पायाने आले. साहेबांनी जे विचारले त्यावरून, त्यांच्या समोर बसून, मी पुढीलप्रमाणे सांगते.

माझ्याविरुद्ध अशी तक्रार आहे की, बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांच्या संघटनेने माझ्या घरी बसवलेले यंत्र आणि त्यातली किल्ली मी जाणूनबुजून जाळली. तक्रारीवर पाच सह्या आहेत. चार सह्या गावातल्या चार घरांच्या, पाचवी माझा सख्खा भाऊ झेफ याची. तक्रार मला वाचून दाखवली. ती खरी आहे. मी जाळली. चुकून जळाली, ठिणगी पडली, असे काही माझे म्हणणे नाही.

कारण समजण्यासाठी मागचे सांगावे लागते.

माझे वडील प्रेंग दोदा यांना १९७६ सालच्या सप्टेंबरात घरातून नेले. मी आठ वर्षांची होते. झेफ पाळण्यात होता. वडिलांना डोंगरावर तांब्याच्या खाणीच्या छावणीत कैदी म्हणून ठेवले होते. आई एकदाच भेटीला जाऊ शकली. त्यानंतर थंडीत निरोप आला की पळून जाताना गोळी लागली. प्रेत दिले नाही, कुठे पुरले तेही सांगितले नाही. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर आईने अर्ज केले. कागदपत्र उपलब्ध नाहीत, असे उत्तर येत असे. आमच्या गावातली अशी सात माणसे त्या डोंगरावर कुठे ना कुठे पुरलेली आहेत. सात घरे आहेत.

साहेबांनी विचारल्यावरून सांगते की माझे लग्न झालेले नाही. त्या काळी अशा घरची मुलगी कोणी करत नसे. हे लिहायला नको असे मी म्हटले. साहेब म्हणाले, असू दे लिहिलेले.

चार वर्षांपूर्वी संघटनेतर्फे राजधानीतून, तिरानाहून, एक शिकलेली मुलगी आली. सातही घरच्या माणसांना तिने चर्चच्या अंगणात बसवले. ती म्हणाली, ज्यांनी खड्डे खणले, ट्रक चालवले, पहारे दिले, त्यांतले बरेच अजून जिवंत आहेत. ते तुमच्याच दुकानातून पाव नेतात. त्यांना सांगायचे आहे, पण भीती वाटते. तुमची वाटते आणि त्यांच्या स्वतःच्या नातवंडांचीही वाटते. त्यांना कोणाला न कळता सांगता आले पाहिजे.

त्यासाठी तिने सात घरांत सात यंत्रे बसवली. त्या प्रत्येकाला ते नोड म्हणतात. यंत्र दिसायला बुटाच्या खोक्याहून लहान. मला समजले ते असे. सांगणाऱ्याने आपल्या मोबाइलवर नकाशात खूण करायची, कोणाची जागा ते नाव घालायचे आणि स्वतःच्या ओळखपत्राचा नंबर घालायचा. नंबर अशासाठी की एकाच माणसाने दोन माणसे असल्याचे सोंग करू नये. पाठवतानाच ते सगळे कुलूपबंद होते आणि तसेच कुलूपबंद सात यंत्रांकडे वाटले जाते. यंत्रे ते उघडत नाहीत. न उघडता आपापसांत ताडून बघतात. दोन वेगळ्या माणसांनी एकच जागा दाखवली, तरच तेवढी जागा बाहेर येते. नावे येत नाहीत. एकच माणूस बोललेला असेल तर त्याचे बोलणे दुसरा बोलेपर्यंत आत पडून राहते. कोणाच्या नावापुढे किती जण बोलले, एवढा आकडा मात्र आम्हाला दिसत असे.

मी तिला विचारले, "म्हणजे माझ्या घरात ती माणसं बोलणार, आणि मलाच ऐकू येणार नाही?"

ती म्हणाली, "तुमच्या घरात म्हणूनच बोलतील, मावशी. सरकारच्या घरात नाही बोलणार."

प्रत्येक यंत्रात एका मोठ्या किल्लीचा एक तुकडा होता. बोटाच्या पेराएवढी धातूची पट्टी, यंत्राच्या पाठीत खोचलेली. आम्ही तिलाच किल्ली म्हणत असू. सातांपैकी पाच किल्ल्या एका जागी आणल्या तर आत असलेले सगळे नावानिशी उघडता येते. उलट, पाचांपेक्षा कमी यंत्रे उरली तर ताडायचे काम बंद पडते आणि आत साठलेले कायमचे जाते. किल्लीची नक्कल करायची नाही असे ठरले होते. त्या दिवशी अंगणात सातही घरांनी बेसा दिली, म्हणजे शब्द दिला, की किल्ल्या कधी एकत्र आणणार नाही. आमच्या घरातर्फे मी दिली. झेफ तेव्हा इटलीत बांधकामावर होता. त्याला मी फोनवर सांगितले. तो म्हणाला, "तुम्हाला बरं वाटत असेल तर बसवा बाई."

खाली बेकरीत उष्णता असते, म्हणून यंत्र वर आईच्या खोलीत ठेवले. ते बारीक घूं घूं करी. आई त्याला पाहुणा म्हणायची. "पाहुणा झोपत नाही वाटतं," म्हणायची. वीज गेली तर मला आधी तीच हाक मारायची, "वितोरे, पाहुणा गप्प झाला."

पुढच्या हिवाळ्यात दुकानात एक गृहस्थ आले. इतर गिऱ्हाईक नव्हते. त्यांनी मक्याचा पाव मागितला. मग विचारले, "वर ते यंत्र आहे ना. त्याला दिसतं का, कोण बोलतंय?"

मी म्हटले, "नाही."

"आणि तुला?"

"मलाही नाही."

"झेफला?"

"झेफला कुठून दिसणार?"

"कधीच नाही ना? पुढे कधी?"

"कधीच नाही."

"बेसा?"

"बेसा," मी म्हटले.

त्यांनी पैसे दिले आणि पाव तिथेच विसरून गेले. हे गृहस्थ कोण, असे साहेबांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी सांगितले नाही, असे लिहावे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये वडिलांच्या नावापुढचा आकडा एकाचा दोन झाला आणि जागा बाहेर आली. जुन्या खाणीच्या खाली, हवेसाठी खणलेल्या बोगद्याच्या तोंडापासून थोड्या अंतरावर. सरकारी माणसांनी जूनमध्ये खणले. मी हजर होते. पहिल्याच दिवशी मिळाले. माझी आणि आईची थुंकी तपासायला नेली होती. उत्तर सप्टेंबरात आले की तेच आहेत.

उत्तर घेऊन दोन अधिकारी घरी आले तेव्हा आई वर पलंगावर बसली होती. खोलीत मी आणि शेजारचे पाश्क बिबा होतो. विचारल्यावरून सांगते की पाश्क बिबा यांचे वय सत्तरच्या आसपास, पूर्वी लाकडाच्या वखारीवर ट्रक चालवत, आता घरीच असतात. बायको वारलेली. आमच्याकडे त्यांचे रोजचे येणे होते. आईला वर्तमानपत्र वाचून दाखवत, लाकडे फोडून देत. आई त्यांच्या हातची कॉफी माझ्या हातच्या कॉफीपेक्षा बरी म्हणायची. मी त्यांना काका म्हणते.

अधिकाऱ्यांनी सगळे सांगून झाल्यावर आईने विचारले, "पायात बूट होते का?"

अधिकारी म्हणाले, "नाही, आजी. बूट नव्हते."

आई म्हणाली, "मी भेटीला गेले तेव्हा नेले होते. नवे होते. बैल विकून घेतले होते."

पाश्ककाकांनी कप खाली ठेवला, तो कलंडला. मी फडके आणायला उठले. परत आले तोवर ते जिन्यावरून उतरून गेले होते. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. साहेबांनी विचारले की, याचे कारण काय वाटले? मी त्यांना विचारायला गेले नाही.

दफन ऑक्टोबरात झाले. झेफ इटलीहून आला. पेटी लहान होती. दोन माणसांना सहज उचलण्यासारखी होती, तरी चार जण लागतात म्हणून चार ठरले होते. अंगणातून निघताना आईने विचारले, "पाश्क आलाय का?"

मी पाहिले. ते फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभे होते. टोपी हातात होती. मी म्हटले, "बाहेर आहेत."

"त्याला आत बोलव. पेटीला एक माणूस कमी आहे."

कमी नव्हता. पण आईने सांगितले म्हणून झेफ स्वतः गेला आणि हाताला धरून त्यांना घेऊन आला. पेटीच्या पुढच्या बाजूला डावीकडे झेफ आणि उजवीकडे पाश्ककाका, असे कबरीपर्यंत गेले. काका मधेच अडखळले तेव्हा झेफने त्यांच्या कमरेला हात दिला. आईने असे का सांगितले ते मी आईला विचारलेले नाही, आणि साहेबांनीही तिला विचारू नये अशी विनंती आहे.

झेफ परत इटलीला जाणार होता. गेला नाही. आठवड्याने दुकानात येऊन म्हणाला, "ताई, ज्यांनी जागा सांगितली ते बाबांना पुरताना तिथे होते."

मी म्हटले, "असणारच."

"मग ते कोण?"

"ते यंत्रालाही माहीत नाही."

"पाच किल्ल्या आणल्या की कळतं. मला त्या मुलीने फोनवर सांगितलं."

"कळतं. पण आम्ही बेसा दिलीय."

झेफ म्हणाला, "तू दिलीस. मी नाही दिली. तुला बाबांचा आवाज तरी आठवतो. त्यांनी तुला खांद्यावर घेतलेलं आठवतं. मला काय मिळालं? हाडांचं एक खोकं मिळालं, ताई. आणि कुठलातरी माणूस रोज रस्त्यात भेटून मला 'कसा आहेस झेफ' म्हणत असणार, आणि मी 'बरा आहे' म्हणत असणार."

झेफ वाईट माणूस नाही, हे लिहावे. तो बोलला ते मला पटत नव्हते असेही नाही.

तोपर्यंत सात यंत्रांपैकी दोन बंद पडली होती. एक घर जर्मनीला गेले आणि जाताना तार उपटून यंत्र किल्लीसकट टाकून देऊन गेले. दुसऱ्या घराचे छप्पर गळले, यंत्र किल्लीसकट भिजून निकामी झाले. तिरानाची ती मुलगीही परदेशी नोकरीला गेली आणि नवीन कोणी आले नाही. म्हणजे पाच उरली होती. काम चालायला पाचही लागत होती, आणि उघडायलाही पाचही लागत होती.

झेफ बाकीच्या चार घरी गेला. त्याने त्यांना स्वतःचे कारण सांगितले नाही, त्यांचे सांगितले. ते खोटे नव्हते. चारही घरांच्या माणसांपुढे एकाचा आकडा होता. चौघांबद्दल एकेक माणूस बोललेला होता आणि दुसरा कधी बोलेल याचा भरवसा नव्हता. सांगणारे म्हातारे होऊन मरत आहेत. झेफ म्हणाला, किल्ल्या एकत्र आणा, त्या एकेकाने दाखवलेली जागा आत्ता मिळेल, वाट कशाला बघता? चौघेही तयार झाले. त्यांना दोष देता येत नाही.

त्यांतल्या बार्दे माझ्याकडे दोनदा आल्या. वय ७० वर्षे. त्यांचे पती मार्तिन यांना लग्नानंतर वर्षभरात नेले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या दुकानातल्या बाकावर बसून राहिल्या, गिऱ्हाइके संपेपर्यंत. मग म्हणाल्या, "वितोरे, मला नाव नको. मला फक्त जागा सांग."

मी म्हटले, "मावशी, उघडल्यावर नुसती जागा निघत नाही. नावंही निघतात. सगळ्यांची."

"निघू देत. मी कान झाकून घेईन."

"झेफ झाकेल का?"

बार्दे बाकावरून उठल्या. जाताना म्हणाल्या, "तुझी आई आता कबरीवर जाते ना गं? हात लावून बघते ना दगडाला?"

मी हो म्हटले.

दुसऱ्यांदा आल्या त्या बोलल्याच नाहीत. त्यांनी मार्तिन यांचा फोटो काउंटरवर ठेवला. एवढासा, सैन्यातल्या भरतीच्या वेळचा. मिशीसुद्धा नीट फुटलेली नव्हती. मी पाव बांधून दिला. त्यांनी फोटो उचलला आणि पाव घेतला नाही.

असे ठरले होते की एका रविवारी प्रार्थना सुटल्यावर शाळेच्या खोलीत पाचही घरांनी आपापली किल्ली घेऊन यायचे. झेफने इटलीतल्या ओळखीचा संगणकवाला बोलावला होता. मी येते असे कोणाला म्हटले नव्हते. येत नाही असेही म्हटले नव्हते.

त्या रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे पाव भाजून काढले. भट्टी अजून लाल होती. मी वर गेले. आई जागी होती. मी यंत्राची तार काढली तेव्हा ते घूं घूं थांबले. आई म्हणाली, "वीज गेली?"

मी म्हटले, "नाही."

आई म्हणाली, "जिन्यावर सांभाळून उतर. दोन्ही हातांत काहीतरी असेल तुझ्या."

यंत्र आणि किल्ली मी लोखंडी फावड्यावर ठेवून भट्टीत आतपर्यंत सारली आणि झाकण लावले. प्लास्टिकचा काळा धूर दुकानभर झाला. जे शिल्लक राहिले ते साहेबांनी ताब्यात घेतले आहे. भट्टीच्या आतल्या विटा वासामुळे उपटाव्या लागल्या. त्या दिवसापासून माझ्या भट्टीत पाव भाजलेला नाही.

साहेबांनी विचारले की, नुसते नाही म्हणून घरी बसला असता तर किल्ल्या चारच राहिल्या असत्या, काही उघडले नसते आणि यंत्रेही चालू राहिली असती. मग जाळायची गरज काय होती?

यावर माझे सांगणे असे की, नुसते नाही म्हणणे मला जमले नसते. झेफला मी नाही म्हणू शकत होते. पण बार्दे तिसऱ्यांदा आल्या असत्या तर मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली असती. हे मला माहीत होते. म्हणून जाळली.

साहेबांनी विचारले की, यामुळे त्या चार घरांचे काय होईल याची जाणीव होती का? होती. पाचातले एक गेले म्हणजे सगळे गेले, हे मला पहिल्या दिवशीच समजावलेले होते. त्या चार माणसांबद्दल जे कोणी बोलले होते, त्यांना आपले बोलणे वाया गेले हे कळायचा मार्ग नाही. ते आपापल्या घरी असतील, सांगून टाकले म्हणून जरा हलके वाटत असेल. पुन्हा कोणी त्यांना विचारणार नाही.

यंत्र भट्टीत घातल्यावर मी लपून राहिले नाही. तोंड धुऊन शाळेत गेले. चारही घरची माणसे बाकांवर बसली होती. समोर टेबलावर पांढरे कापड घातले होते आणि चार किल्ल्या एका रांगेत ठेवल्या होत्या. पाचवीसाठी जागा सोडली होती. मी उभ्यानेच सांगितले की मी माझी जाळली. कोणाला आधी समजले नाही. संगणकवाला झेफकडे बघू लागला. मग बार्दे उठल्या, माझ्या अगदी जवळ आल्या. मला वाटले मारतील. त्या हळूच म्हणाल्या, "तुझा माणूस घरी आणलास, आणि दार लावून घेतलंस."

हे त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहावेत.

झेफने कोट उचलला. दारातून जाताना म्हणाला, "म्हणजे तुला माहीत आहे तो कोण."

मी म्हटले, "मला माहीत नाही."

"ताई, माहीत नसताना कोणी असं करत नाही."

त्यानंतर झेफ माझ्याशी बोललेला नाही. तो बार्दे यांच्या घरी राहायला गेला आहे. तक्रारीचा मजकूर त्याच्याच अक्षरात आहे. आईला मी तक्रारीबद्दल सांगितलेले नाही.

जबाब इथपर्यंत आला असता हवालदार आत आले व साहेबांशी हळू आवाजात बोलले. साहेब उठून गेले. परत आल्यावर त्यांनी मला सांगितले ते असे की, पाश्क बिबा हे आपण होऊन ठाण्यात आलेले आहेत. १९७६ व ७७ साली सक्तीच्या लष्करी नोकरीत आपण छावणीवर ट्रक चालवत होतो, प्रेंग दोदा यांना पुरायला नेले तो ट्रक आपणच चालवला, आणि ती जागा सांगणाऱ्या दोघांपैकी एक आपण, असे ते म्हणत आहेत. दुसरा कोण ते त्यांना ठाऊक नाही. "मला काय करायचं ते करा, त्या पोरीला घरी जाऊ द्या," असेही म्हणत आहेत.

या वेळी मला पाणी देण्यात आले.

साहेबांनी विचारले की हे तुम्हाला आधीपासून माहीत होते का? याचे उत्तर मी देत नाही.

साहेब म्हणाले, "बाई, नाव तर निघालंच. आज नाही तर उद्या गावभर होईल. मग जाळून मिळवलंत काय?"

मी साहेबांना विचारले की, बार्दे यांच्या मार्तिनला कुठे नेले ते पाश्ककाकांना माहीत आहे का. साहेब पुन्हा बाहेर गेले आणि विचारून आले. पाश्ककाकांना माहीत नाही. त्या खेपेला ट्रकवर दुसरा चालक होता. त्याचे नाव त्यांना आठवत नाही. चेहरा आठवतो म्हणाले, आणि तो गाणे म्हणत असे एवढे आठवते.

मी काय मिळवले ते मला सांगता येत नाही. जे गेले ते सांगून झाले आहे.

तक्रारीबद्दल जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. माझी फक्त एक विनंती आहे, ती लिहून घ्यावी. पाश्ककाकांना संध्याकाळनंतर नीट दिसत नाही. आता अंधार पडायला आला आहे. त्यांना ठाण्याच्या गाडीतून घरापर्यंत सोडावे, आणि मागच्या दाराने न्यावे. समोरच्या कॉफीच्या दुकानात झेफ बसलेला आहे. मी येताना त्याला पाहिले, त्याने मला पाहिले. काकांना आत येताना त्याने पाहिले की नाही, ते मला माहीत नाही. मी पुढच्या दाराने बाहेर जाईन. मला पाहिल्यावर झेफ उठून माझ्याकडे येईल, भांडेल, बराच वेळ भांडेल. मी त्याला अडवून ठेवीन. तेवढ्यात गाडी काढावी.

वरील सर्व मजकूर साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी जे सांगितले तेच त्यात आहे, आणि जे सांगितले नाही ते त्यात कोणी घातलेले नाही. म्हणून खाली सही करते.

वितोरे प्रेंग दोदा